डिलीटचं टूल एआय एजंटला देताना सोबत काय लिहून द्यायचं

एआय एजंट म्हणजे सांगितलेलं काम स्वतः पावलं उचलून करणारा एआय, आणि टूल म्हणजे त्याला चालवता येणारी सॉफ्टवेअरमधली एखादी सोय, जसं शोधणं किंवा डिलीट करणं. असं टूल त्याला दिलं म्हणजे नक्की काय दिलं? त्याच्यासमोर मुख्यतः तीन गोष्टी येतात, टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि कुठली माहिती भरायची त्याची यादी. आतला कोड त्याला सहसा दिसत नाही. माणसाला शंका आली तर तो शेजारच्या टेबलावर विचारतो, कोड उघडून बघतो, "अरे हे दाबलं तर काय काय जातं?" म्हणतो. एजंटकडे ते वर्णनच असतं, आणि तिथे "रेकॉर्ड डिलीट करतं" एवढंच लिहिलेलं असेल तर उरलेलं सगळं तो अंदाजाने भरतो. वाचायच्या टूलमध्ये अंदाज चुकला तर पुन्हा विचारता येतं, इथे नोंदच गेलेली असते.

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं एखादं मराठी वाचनालय धरा. सभासदांची यादी कॉम्प्युटरवर आहे आणि सेक्रेटरीकाकांनी एजंटला सांगितलं की दोनदोनदा आलेली नावं काढून टाक. यादीत एक "एस. जोशी" आहेत आणि एक "सुरेशभाई जोशी", दोघांचा पत्ता रावपुरा. बडोद्यात राहणारा लगेच म्हणेल की थांबा, जोशी मराठीही असतात आणि गुजरातीही, ही दोन वेगळी माणसं असू शकतात. एजंट थांबेलच याची खात्री नाही, म्हणून ते टूलच्या वर्णनातच यायला हवं, की हे टूल नावावरून चालत नाही, सभासद क्रमांकच लागतो, तो अंदाजाने भरू नये, आधी शोधाच्या टूलने नोंद उघडून बघावी, आणि दोन नोंदी एकाच माणसाच्या वाटत असतील तर हे टूल वापरूच नये, त्यासाठी नोंदी एकत्र करायचं वेगळं टूल आहे. माझ्या मते हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. टूल कधी वापरायचं हे सगळे लिहितात, कधी वापरायचं नाही हे फार कमी लोक लिहितात.

मग प्रश्न येतो सोबत काय काय जातं त्याचा. डेटाबेसमध्ये तक्ते एकमेकांना जोडलेले असतात, सभासदाच्या नोंदीला पुस्तकांची देवघेव, डिपॉझिट, दंड चिकटलेला असतो. डेटाबेस बनवताना "कॅस्केड" ठेवलं असेल तर सभासद पुसला की हे सगळं गुपचूप पुसलं जातं, "रिस्ट्रिक्ट" असेल तर जोडलेली एकही नोंद शिल्लक असताना डेटाबेस सभासद पुसूच देत नाही. दोन्ही पद्धती बरोबर आहेत पण बाहेरून टूल अगदी सारखंच दिसतं, त्यामुळे कुठली आहे ते सरळ लिहायचं: डिपॉझिट परत द्यायचं बाकी असेल तर टूल नकार देईल, देवघेवीचा इतिहास जाईल, पावत्या राहतील.

आणि परत आणता येतं का? वाचनालयात पुस्तक बाद झालं की दाखल रजिस्टरमधली ओळ कोणी फाडत नाही, शेऱ्यात "बाद" लिहितात आणि तो क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला देत नाहीत (ज्या बडोद्याने १९१० मध्ये खास अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना ग्रंथालयांसाठी बोलावलं तिथे हे वेगळं सांगायला नको). सॉफ्टवेअरमध्ये यालाच सॉफ्ट डिलीट म्हणतात, ओळ राहते, फक्त डिलीट झाल्याची तारीख पडते. हार्ड डिलीटमध्ये ओळच जाते. एजंटला यातलं कुठलं आहे आणि परत आणायचं टूल कुठलं, हे माहीत हवं.

एक गोष्ट सगळ्यांकडून राहते, टूलचं उत्तर. समजा नेट मध्येच गेलं, उत्तर आलं नाही, एजंट तेच टूल पुन्हा चालवतो. वेबच्या एचटीटीपी नियमांनुसार डिलीट हे काम एकदा केलं काय नि दहादा केलं काय, सर्व्हरवर परिणाम तोच राहिला पाहिजे. पण दुसऱ्या वेळी नुसतं "सापडलं नाही" असं उत्तर आलं तर एजंटला वाटू शकतं की आपला क्रमांकच चुकला, आणि तो दुसरा जोशी शोधायला निघतो! त्याऐवजी "ही नोंद आधीच डिलीट झाली आहे, पुढे काही करायची गरज नाही" असं उत्तर आलं की तो थांबतो.

मशीनने डिलीट दाबण्याचा किस्सा तसा जुना आहे. मे २००५ मध्ये गूगलने वेब ॲक्सेलरेटर काढलं, ब्राउझिंग फास्ट व्हावं म्हणून ते पानावरच्या लिंक आधीच उघडून ठेवायचं. काही वेब ॲपमध्ये डिलीट ही साधी लिंकच होती, तीही उघडली गेली आणि लोकांच्या नोंदी गायब व्हायला लागल्या. "नक्की डिलीट करायचं?" विचारणारी खिडकी माणसासाठी होती, मशीनच्या वाटेत ती आलीच नाही. आजही लाल बटण, इशारा, सगळं स्क्रीनवर असतं आणि एजंट स्क्रीन सोडून थेट टूल चालवतो.

अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे एआयला टूल जोडायच्या सामायिक नियमांमध्ये, आता टूलवर खुणा करायची सोय आहे, हे फक्त वाचतं का, नाश करू शकतं का, वगैरे, आणि लिहिणाऱ्याने काहीच भरलं नाही तर नाश करू शकतं असंच धरायचं. मला हे फार योग्य वाटतं. पण या खुणा म्हणजे इशारा, कुलूप नव्हे. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कोड लिहून देणाऱ्या सेवेच्या एजंटने एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसला, काही बदलू नको असं सांगितलेलं असताना, आणि वर डेटा परत येणार नाही असंही सांगितलं, प्रत्यक्षात रोलबॅक, म्हणजे डेटा आधीच्या स्थितीत परत नेणं, चाललं. म्हणून एका वेळी किती नोंदी पुसता येतील त्याची मर्यादा, आधी नुसती यादी दाखवणारी ट्रायल आणि माणसाची मंजुरी, हे कोडमध्येच बसवायचं, आणि वर्णनात ते आहे असं लिहायचं म्हणजे एजंट नकाराला एरर समजून आडवाट शोधणार नाही.

आता २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात माणसाला आपली माहिती पुसायला सांगायचा हक्क दिलाय. तिथे सॉफ्ट डिलीट पुरणार नाही, माहिती खरोखर जायला हवी, आणि बॅकअपमध्ये ती किती दिवस राहते हेही लिहायला हवं. त्यामुळे "सभासदत्व बंद करा" आणि "सभासदाची माहिती कायमची पुसा" ही दोन टूल वेगळीच ठेवा, आणि दुसरं एजंटच्या यादीत माणसाने मंजूर केल्याशिवाय येऊच देऊ नका.