तीन आवाजांच्या चिपमधला ‘चौथा आवाज’

कमोडोर ६४ या घरगुती संगणकावरील खेळांना १९८५ पासून पुढची तीन-चार वर्षे संगीत देणाऱ्या ईशान्य इंग्लंडमधील रॉब हबर्ड या संगीतकाराने नेमकी कोणती साधने वापरली, हा प्रश्न चाहते आजही विचारतात आणि उत्तरात सिंथेसायझर, सीक्वेन्सर, मिक्सर अशी यादी मिळेल असे धरून चालतात. तशी यादी नाही. बँडमध्ये वाजवून पोट भरणाऱ्या या कलाकाराकडे खेळाच्या संगीतासाठी होता तो संगणक, एक असेम्बलर (लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या भाषेत बदलणारे साधन) आणि स्मृतीतले बाइट पडद्यावर दाखवणारा मशीन कोड मॉनिटर. धून वाजत असतानाच तो हे बाइट बदलत असे. चार बारचा तुकडा फिरत ठेवायचा, एखादा आकडा खोडून दुसरा घालायचा आणि कानाला पटेपर्यंत तेच करत राहायचे, अशी त्याची पद्धत होती. १९८५ च्या ‘कमांडो’चे काम त्याने खेळाच्या प्रकाशकाच्या कार्यालयात रात्री उशिरा सुरू केले आणि सकाळी आठला लोक कामावर आले तेव्हा इमारतीतल्या प्रत्येक कमोडोरवर मुख्य धून चढवून ठेवलेली होती, असे त्याने स्वतःच सांगितले आहे. धनादेश घेऊन दहाच्या सुमारास तो परतीच्या गाडीत बसलाही होता.

याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९७८ च्या सुमारास आर्केड खेळांत चार उतरत्या खर्जस्वरांची एकच माळ फिरत राहायची आणि खेळ तापला की तिची लय वाढायची. त्यानंतर आलेल्या ध्वनिचिपांत एकाच वेळी वाजू शकणारे चौकोनी तरंगाचे तीन स्वतंत्र आवाज आणि थोडी खरखर एवढाच ऐवज असे. कमोडोर ६४ मधील ६५८१ ही चिप १९८२ मध्ये बाजारात आली आणि तिचा आराखडा करणारा अभियंता मुळातच सिंथेसायझरचा विचार करत होता. त्यामुळे तीन आवाजांपैकी प्रत्येकाला चार प्रकारचे तरंग, स्वराच्या तीव्रतेच्या चढउताराचा स्वतंत्र आलेख आणि तिघांना मिळून एक फिल्टर (ध्वनीचा काही भाग गाळून नाद बदलणारी सोय) असे सगळे तिच्यात आले. आवाज तीनच राहिले याचे कारण मुदत होते. एकच यंत्रणा आळीपाळीने वापरून बरेच अधिक आवाज काढण्याचा मूळ बेत वेळेअभावी सोडावा लागला आणि एका आवाजाचा आराखडा तीनदा जोडून काम भागवले गेले. पुढे याच अभियंत्याने सहकाऱ्यांसोबत सिंथेसायझर बनवणारी कंपनी काढली.

संगीतकाराच्या बाजूने पाहता ही चिप म्हणजे ५४२७२ या पत्त्यापासून सुरू होणारी २९ रजिस्टरे, म्हणजे आकडे ठेवण्याचे कप्पे, होती. युरोपातील यंत्रावर ४४० हर्ट्झचा स्वर हवा असेल तर ७४९३ हा आकडा लिहावा लागे. तो एका बाइटमध्ये मावत नसल्यामुळे ५४२७२ मध्ये ६९ आणि ५४२७३ मध्ये २९ अशी त्याची फोड होई. अमेरिकी यंत्राचे घड्याळ थोडे वेगळे असल्याने तोच आकडा तिथे अर्ध्या स्वराच्या (सेमिटोनच्या) सुमारे दोन-तृतीयांश इतका चढा वाजे. शिवाय पडदा सेकंदाला ५० ऐवजी ६० वेळा ताजा होत असल्यामुळे धूनही पळत सुटे, कारण संगीताचा ठेका पडद्याच्या याच आवर्तनाला बांधलेला असे.

दर आवर्तनाला चिपला नवे आकडे पुरवणाऱ्या संगणकीय कार्यक्रमाला (प्रोग्रॅमला) काही जण ‘ड्रायव्हर’ म्हणतात, काही ‘प्लेअर’. दोन्ही शब्दांनी चित्र थोडे बिघडते, कारण तयार रचना वाजवून दाखवणे हा त्याच्या कामाचा लहानसा भागच होता. सुमारे एक हजार बाइटांच्या या कार्यक्रमात एका वाद्याचे वर्णन आठ बाइटांत बसवलेले होते: चौकोनी तरंगाची रुंदी दोन बाइटांत, तरंगाचा प्रकार एकात, चढउताराचा आलेख दोनांत, आणि उरलेल्या तिनांत कंप, रुंदी बदलण्याचा वेग व खास करामती. तरंगाची रुंदी सतत हलती ठेवली की एकाच स्वराला तंबोऱ्याच्या जवारीची आठवण यावी अशी जिवंत गुणगुण येते, आणि या संगीतकाराची ओळख बनलेला नाद बराचसा तिथूनच येतो. म्हणून त्याचे वाद्य कोणते असे विचारले तर माझ्या मते चिपच्या आधी या हजार बाइटांचे नाव घ्यावे लागेल. असा कार्यक्रम स्वतः लिहिता न येणाऱ्यांसाठी १९८६ मध्ये एका जर्मन मासिकाने टंकून घेण्याजोगा संगीत-संपादक छापला, आणि १९८७ मध्ये अमिगा संगणकावर पहिला ट्रॅकर, म्हणजे स्वर तक्त्यात भरून रचना करण्याचा तयार कार्यक्रम, आला. तिथून पुढे संगीतकार आणि प्रोग्रामर हे एकच माणूस असण्याची गरज उरली नाही.

सर्वाधिक वाद मात्र ‘चौथा आवाज’ या शब्दावरून होतो. चिपच्या माहितीपत्रकात असा आवाज नाही. ५४२९६ या पत्त्यावर एकूण आवाज लहानमोठा करण्याचे रजिस्टर आहे आणि त्यात ० ते १५ अशा सोळा पायऱ्या आहेत. ६५८१ मध्ये प्रत्येक आवाजाच्या मूळ विद्युतपातळीत थोडा झोल राहून गेला होता, त्यामुळे ही पायरी बदलली की स्पीकरमधून ‘टक्’ असा आवाज येई. ही टकटक सेकंदाला काही हजार वेळा, मोजून मापून घडवली तर तिच्यातून माणसाचे बोलणे, ढोल किंवा गिटार असे काहीही ध्वनिमुद्रण वाजवता येते. १९८४ मधील खेळांत बोलके आवाज या वाटेने आलेले होते. १९८७ मध्ये स्केटबोर्डच्या एका अमेरिकी खेळाच्या शीर्षकसंगीतात आपल्या संगीतकाराने याच वाटेने इलेक्ट्रिक गिटार आणली.

त्याची किंमत मोठी होती. सेकंदाला चार हजार नमुने (त्या त्या क्षणाच्या ध्वनिपातळीचे आकडे, प्रत्येकी अर्धा बाइट) धरले तर केवळ एका सेकंदाच्या ध्वनीला दोन हजार बाइट लागत, आणि सेकंदाला जेमतेम दहा लाख ठोके देणाऱ्या प्रोसेसरला दोन नमुन्यांच्या मध्ये सुमारे २४६ ठोके मिळत. त्यातही पडदा रंगवणारी चिप ठरावीक ओळींवर प्रोसेसरला थांबवून ठेवत असल्याने नमुन्यांची वेळ चुके आणि आवाज खरखरे. त्यामुळे ही करामत बहुतेक शीर्षकापुरती राहिली. प्रत्यक्ष खेळ सुरू झाला की गिटार गप्प आणि पुन्हा तीन आवाज.

दशकाच्या उत्तरार्धात याच चिपची सुधारित आवृत्ती, ८५८०, नव्या यंत्रांत बसू लागली. ती १२ ऐवजी ९ व्होल्टवर चालते, तिचा फिल्टर कागदावरच्या वर्णनाच्या बराच जवळ जातो आणि विद्युतपातळीतला तो झोल तिच्यात जवळजवळ नाहीसा झाला. परिणाम असा की चौथा आवाज कुजबुजीवर आला. उत्पादकाचा निर्णय चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. माहितीपत्रकात नसलेल्या गोष्टीचे वचन कोणी दिले नव्हते आणि चिप अधिक स्वच्छ वाजू लागली होती. तरीही ज्या रचना दोषाचा हिशेब धरूनच बांधल्या होत्या त्यांच्यापुरती ही दुरुस्ती म्हणजे वाद्याची एक तार काढून घेण्यासारखी होती, आणि आधी विकल्या गेलेल्या लाखो यंत्रांचा विचार करता ‘मूळ आवाज’ या शब्दावर ६५८१ चा हक्क मोठा आहे, असे माझे मत आहे. त्या हक्कालाही एक खोट आहे. ६५८१ चा फिल्टर एका चिपपासून दुसऱ्या चिपपर्यंत इतका बदलतो की संगीतकाराने आपल्या टेबलावर जुळवलेला गोल, मऊ स्वर गिऱ्हाइकाच्या घरी कोंदट किंवा कर्कश निघू शकत असे. अनेक जण म्हणूनच फिल्टर जपून वापरत.

आज या रचना प्रामुख्याने संगणकावर या चिपची नक्कल करणाऱ्या कार्यक्रमांतून ऐकल्या जातात आणि हा जुना वाद तिथे एका खुणेच्या रूपाने उरला आहे. पन्नास हजारांहून अधिक धुना जपणाऱ्या संग्रहातील फायलींच्या सुरुवातीला, ही रचना कोणत्या चिपसाठी आहे, हे सांगणारे दोन बिट असतात. त्यांना चार किमती घेता येतात: ६५८१, ८५८०, दोन्ही चालतील, किंवा अज्ञात. खऱ्या यंत्रावर ऐकणाऱ्यांनी वेगळा तोडगा काढला आहे. ८५८० ला बाहेरचा ध्वनी आत घेण्यासाठी एक पाय (पिन) आहे. तो पाय आणि विद्युत जोडणीतली ‘जमीन’ (ग्राउंड) यांच्यामध्ये एक साधा रेझिस्टर डाख देऊन जोडला की मुद्दाम काढून टाकलेला झोल परत येतो आणि १९८७ ची गिटार पुन्हा ऐकू येते.