चोराला पुसता न येणारा लॉग: ब्लॉकचेन आणि क्लाउडच्या आधीची गोष्ट

ब्लॉकचेन म्हटलं की बिटकॉइनच आठवतं, पण सायबर हल्ला लवकर पकडायला ती आणि क्लाउड का वापरायचे हे समजून घ्यायचं तर १९८६ मधे जावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली लॅबमधे क्लिफर्ड स्टोल नावाचा खगोलशास्त्रज्ञ कॉम्प्युटर सांभाळायचा, आणि कॉम्प्युटर वापराच्या हिशोबात ७५ सेंट जुळत नव्हते. दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं. याने खोदलं तर आत परकाच माणूस सगळे अधिकार मिळवून फिरत होता. आता असा माणूस लॉगपण, म्हणजे कॉम्प्युटरवर कुणी काय केलं याच्या नोंदी, पुसू शकतो ना, पण स्टोलने बाहेरून येणाऱ्या लाइन्सना प्रिंटर जोडले, म्हणजे चोर जे टाइप करेल ते थेट कागदावर. माग जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत गेला पण त्यात कित्येक महिने गेले.

मला तर पुढचं सगळं त्या प्रिंटरचंच काम वाटतं. १९९१ मधे स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी हॅशची, म्हणजे मजकुरातून गणिताने काढलेल्या छोट्या ठशांची, साखळी मांडली, प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा, मधलं एक अक्षर बदललं तरी ठसे जुळत नाहीत. १९९५ पासून असे ठसे न्यूयॉर्क टाइम्समधे छापून यायला लागले, परत कागदच! ब्लॉकचेन म्हणजे अशीच साखळी, आणि बिटकॉइनच्या २००८ च्या पेपरमधे ८ संदर्भ आहेत, त्यातले ३ या दोघांच्या कामाचे.

मग एस्टोनिया. २००७ मधे तिथल्या बँका, पेपर, सरकारी साइट्सवर काही आठवडे हल्ले झाले. तो साइट्स बंद पाडणारा ट्रॅफिकचा पूर होता, तो काही हॅशने थांबत नाही. पण सगळा कारभार ऑनलाइन असलेल्या देशाला मोठी भीती ही की आतल्याच कुणी नोंद गुपचूप बदलली तर? म्हणून २०१२ पासून सरकारी नोंदींना गार्डटाइम कंपनीची केएसआय ब्लॉकचेन लावली. त्यात मूळ डेटा जात नाही, फक्त ठसे, दर सेकंदाला, त्यामुळे छेडछाड झालीये का हे लगेच तपासता येतं.

क्लाउडचं, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरचं, काम वेगळं. शेकडो सर्व्हरचे लॉग एका जागी आणून एकमेकांशी ताडून बघायचे, जे स्टोल कागदाचे ढीग घेऊन हाताने करत होता. ॲमेझॉनच्या क्लाउडट्रेल या लॉग ठेवणाऱ्या सेवेमधे तर लॉगच्या हॅशची सही केलेली फाइल दर तासाला मिळते, तिला ब्लॉकचेन म्हणत नाहीत पण साखळी तीच.

आपल्याकडे सायबर सुरक्षेची सरकारी संस्था सर्ट-इनने एप्रिल २०२२ मधे ६ तासांत घटना कळवा आणि लॉग १८० दिवस ठेवा असा आदेश काढला. त्यातला १७९ व्या दिवशी उघडलेला लॉग पहिल्या दिवशी होता तसाच आहे का, हे ठशाशिवाय कसं सांगणार?