छोट्या पल्ल्याची विमानसेवा (बेळगाव सीमाभाग)

पन्नास ते ऐंशी आसनांच्या विमानांनी मध्यम शहरे मोठ्या शहरांना जोडणारी, तास-दीड तासाची सेवा. बेळगाव, खानापूर, गोकाक, चिकोडी या पट्ट्यासाठी ती सांबऱ्याच्या विमानतळावरून चालते. बेळगाव शहरापासून १० किलोमीटरवरची ही धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ब्रिटिश हवाई दलाने बांधली. सध्याची टर्मिनल इमारत सप्टेंबर २०१७ मध्ये खुली झाली. विमानतळ जुना, सेवा मात्र कायम धरसोडीची. कंपनीचा खर्च, तिचा विस्तार आणि तिचा धूर ही तीन गणिते कशी एकमेकांत अडकतात, ते त्या धरसोडीतच दिसते.

भारतीय विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा साधारण ३० ते ४० टक्के असतो. एक किलो इंधन जळले की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे पैसा आणि धूर यांचे मीटर एकच. तासाला ७०० किलो इंधन धरले, तर एटीआर-७२ या ७८ आसनी, पंख्याच्या विमानाच्या तासाभराच्या फेरीत सव्वादोन टनांच्या आसपास वायू निघतो. विमान भरलेले असेल तर माणशी २८ किलो, अर्धे रिकामे असेल तर ५७. पंखा नवा की जुना यापेक्षा खुर्ची भरली की नाही, याला छोट्या मार्गावर जास्त किंमत आहे.

पंख्याच्या विमानाची काटकसर जमिनीवरही दिसते. एटीआरच्या मागच्या दारातच जिना असतो. दार उघडले की पायऱ्या खाली. बाहेरून शिडी आणायला नको, की तिचे भाडे नको. कुंद्याचे डबे सांभाळत प्रवासी चालतच विमानापर्यंत येतात. मात्र या विमानात वीज आणि हवेसाठी वेगळे छोटे इंजिन नसते. त्यामुळे थांब्यावर उजवे इंजिन चालू ठेवून त्याचा पंखा ब्रेकने अडवून धरतात. इंजिन घरघरते, पंखा स्थिर, इंधन जळतेच. जमिनीवरची वीज जोडली की ही उधळपट्टी थांबते. पर्यावरणाच्या मोठ्या घोषणांपेक्षा ही एक केबल जास्त कामाची म्हणावी लागेल.

विस्ताराला जोर आला तो छोट्या शहरांना स्वस्त विमानसेवा देण्याच्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेमुळे. एप्रिल २०१७ मध्ये शिमला-दिल्ली हे तिचे पहिले उड्डाण झाले. तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपयांची मर्यादा, ठरावीक आसने त्या दरात, आणि तूट भरून काढायला तीन वर्षे अनुदान, असा तिचा सुरुवातीचा साचा. सुरुवातीला सवलत हुबळीला मिळाली, बेळगावला नाही. २०१८ मध्ये एका कंपनीने इथली विमाने तिकडे हलवली. पुढे २०१९ मध्ये योजनेच्या मार्गवाटपाच्या तिसऱ्या फेरीत बेळगावला भरपूर मार्ग मिळाले. कोल्हापूरच्या घोडावत समूहाच्या स्टार एअरने ५० आसनी एम्ब्रेअर जेट इथे उडवले. पंख्याच्या विमानापेक्षा ते वेगवान, पण इंधनाला खादाड. अनुदान चालू असेपर्यंत ही खादाडी अंगावर येत नाही. मुदत संपली की येते. देशभरचे चित्र महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात आहे: मंजूर ७७४ मार्गांपैकी ३७१ सुरू झाले, ११२ नी तीन वर्षे पूर्ण केली आणि मार्च २०२३ पर्यंत सवलतीनंतरही टिकले फक्त ५४.

बेळगावची अडचण भूगोलाचीही आहे. निपाणीकराला कोल्हापूरचे उजळाईवाडी जवळ, पलीकडे हुबळी, घाट उतरला की गोव्याचे मोपा. एकाच प्रवाशावर चार विमानतळांचा डोळा, मग प्रत्येकाच्या खुर्च्या थोड्या थोड्या रिकाम्या. रेल्वे वेगळीच. राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्री बसवून सकाळी बंगळूरला पोहोचवते, आणि १० ऑगस्ट २०२५ पासून बंगळूर-बेळगाव वंदे भारतही धावते. दिवसाचे काम उरकून रात्री घरी परतायचे असेल त्यालाच विमान खऱ्या अर्थाने उपयोगी.

विमान उद्योग या जिल्ह्यात केवळ तिकिटापुरता नाही. महामार्गालगत हत्तरगीच्या औद्योगिक क्षेत्रात एअरबस या युरोपीय विमान कंपनीसाठी सुटे भाग बनतात. याहून मोठी, धूर कमी करण्याची शक्यता उसात आहे. साखर कारखान्यांच्या मळीपासून इथेनॉल आणि इथेनॉलपासून विमान इंधन करता येते. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने बनवलेले असे इंधन मिसळून मे २०२३ मध्ये पुणे-दिल्ली प्रवासी विमान उडाले. आंतरराष्ट्रीय उड्डाणांत २०२७ पर्यंत १ टक्का आणि २०३० पर्यंत ५ टक्के मिश्रणाचे लक्ष्य केंद्राने ठेवले आहे. पण हे इंधन नेहमीच्या इंधनाच्या दोन ते पाच पट महाग पडते, आणि इथेनॉलला पेट्रोलचे गिऱ्हाईक आधीच रांगेत उभे. शिवाय ऊस पाणी पितो. चिकोडी, अथणीकडे उन्हाळ्यात कृष्णा आटली की कर्नाटक महाराष्ट्राकडे कोयना-वारणेचे पाणी मागते. त्या पाण्यावरचा ऊस विमानात जाळायचा, तर त्याचा धूर कमी मोजायचा की नाही, हा हिशेब अजून कोणत्याही तिकिटावर छापलेला नाही.