दुकानात ठणठणीत, घरी हैराण

“इथं तर मस्त चालून राहिलं न भाऊ!” नवा डेस्कटॉप उचलून नागपूरच्या सीताबर्डीच्या दुकानात परत आलेल्या गिऱ्हाइकाला हे वाक्य हमखास ऐकावं लागतं, आणि गंमत म्हणजे दुकानदार खोटं बोलत नसतो. घरी दर दोन-तीन दिवसांनी निळी स्क्रीन दाखवणारा, गेम ऐन रंगात आला की आपोआप रिस्टार्ट होणारा तोच डबा काउंटरवर तासभर शहाण्यासारखा चालतो. दुकानात एसी आहे, अर्थिंग नीट आहे. घरी कूलर आहे, इन्व्हर्टर आहे आणि अर्थिंग म्हणजे सॉकेटचं तिसरं भोक. डब्यातली एखादी कच्ची जागा दुकानात झाकलेली राहते आणि घरी उघडी पडते.

पूर्ण बंद पडलेलं यंत्र दुरुस्त करणं तुलनेनं सोपं. भाग बदला, चालू झालं की झालं. ‘कधीकधी’ होणारा बिघाड मात्र भल्याभल्यांना रडवतो, कारण आपण काहीतरी केलं आणि दोन दिवस गप्प गेले, तर ते आपल्यामुळे गेले की तसेही गेले असते, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून अशा यंत्राची दुरुस्ती उलट्या टोकानं सुरू करावी लागते. आधी बिघाड वारंवार, हवा तेव्हा घडवून आणायला शिकायचं.

“नवीन आहे, बसेल हळूहळू” हा सल्ला मात्र कानाआड करावा. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये सुमारे १० लाख घरगुती संगणकांच्या क्रॅशच्या नोंदी तपासल्या. ज्या यंत्रांचा प्रोसेसर एकूण निदान महिनाभर चालला होता, त्यांत प्रोसेसरच्या चुकीमुळे कोसळण्याचं प्रमाण १९० मध्ये १ असं निघालं. पण एकदा कोसळलेलं यंत्र पुन्हा तसंच कोसळण्याचं प्रमाण होतं जवळपास ३ मध्ये १! रॅम आणि डिस्कचीही तीच तऱ्हा. ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं पळवलेली यंत्रं अधिक कोसळत होती आणि जोडून घेतलेली, म्हणजे आपल्याकडे ज्यांना असेंबल्ड म्हणतात ती, नामांकित कंपन्यांच्या यंत्रांपेक्षा थोडी कमी भरवशाची निघाली. नव्याचे नऊ दिवस हा हिशेब इलेक्ट्रॉनिक्सला उलटा लागू होतो. कारखान्यातून सुटलेला कच्चा भाग सुरुवातीच्या काळातच खोड्या काढतो. म्हणूनच चिप बनवणारे कारखाने काही चिप्सना मुद्दाम भट्टीत, साधारण १२५ अंश सेल्सिअसला, जास्त व्होल्टेज देऊन तासन् तास चालवतात. जे मरायचं ते तिथेच मरू दे, असा हा निष्ठुर कारभार.

नागपूरकरांना ही भट्टी मे महिन्यात फुकट मिळते.

गणित अगदी साधं आहे. पंखा आणि हीटसिंक प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाहीत. ते फक्त खोलीच्या वर किती अंश, हे ठरवतात. समजा भरपूर काम करताना प्रोसेसर खोलीपेक्षा ५० अंशांनी गरम राहतो. दुकानातल्या २४ अंशांत तो ७४ ला थांबेल. बाहेर पारा ४५ च्या आसपास असताना वरच्या मजल्यावरची, कूलर बंद असलेली खोली सहज ४० अंशांवर जाते, आणि तोच प्रोसेसर ९० ला पोहोचतो. आजचे बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान स्वतःच वेग कमी करून जीव वाचवतात. त्यामुळे उष्णतेनं प्रोसेसर जळण्याची भीती फारशी नाही. यंत्र ‘स्लो झालं’ एवढंच कळतं. त्रास होतो तो आजूबाजूच्या भागांना.

उदाहरणार्थ रॅम. तिच्यातला प्रत्येक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमध्ये साठवलेला विद्युतभार, आणि हा भार सतत गळत असतो. म्हणून रॅम सेकंदात कित्येक वेळा स्वतःतली सगळी माहिती वाचून पुन्हा लिहिते. उष्णता वाढली की गळती वाढते. मानकांनुसार चिपचं तापमान ८५ अंशांच्या वर गेलं, की हे पुनर्लेखन दुप्पट वेगानं करावं लागतं. एखाद्या कपॅसिटरमध्ये मुळातच दोष असेल, तर थंड खोलीत तो वेळेपर्यंत तग धरतो आणि तापलेल्या खोलीत १ चा ० होतो.

चिपमधल्या तांब्याच्या वाटांचंही तेच. दर अंशाला तांब्याचा विद्युतरोध सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे २० अंशांना ८ टक्के. ५ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक ठोका एका नॅनोसेकंदाचा पाचवा हिस्सा असतो. तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम ६ सेंटीमीटर जातो. इतक्या ताणलेल्या वेळापत्रकात थोडासा उशीरही पुरतो. शिवाय धातू गरम होऊन प्रसरण पावतो आणि एखादा अर्धवट बसलेला कनेक्टर सुटतो. हा प्रकार उलटाही घडतो. डिसेंबरच्या पहाटे पारा १० च्या आसपास उतरला की सुरूच होत नाही आणि दहा वाजता गुमान सुरू होतो, असा संगणक असेल तर संशय कनेक्टरवर किंवा सोल्डरवर घ्यावा.

तेव्हा पहिली चाचणी अशी: तापमान दाखवणारं एखादं फुकट सॉफ्टवेअर चालू ठेवायचं, यंत्राला भरपूर काम द्यायचं, आणि तेच काम एकदा पहाटे, एकदा दुपारी तीन वाजता करून पाहायचं. बिघाड घड्याळाबरोबर हलला, तर उष्णतेचा हात आहे. डब्याची बाजू उघडून टेबलफॅन लावल्यावर थांबला, तर खात्रीच. फक्त कूलर थेट कॅबिनेटवर सोडू नका. ओलसर वाऱ्याबरोबर येणारे तुषार आणि बोअरच्या पाण्याचे क्षार बोर्डावर जाऊन बसले, की वेगळंच दुखणं सुरू होतं.

उष्णतेनंतरचा आरोपी वीज. आपल्या घरातला पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. वीज क्षणभर गेली तरी संगणक तग धरतो, कारण एसएमपीएसमधला, म्हणजे डब्यातल्या वीजपुरवठ्याच्या भागातला मोठा कपॅसिटर थोडी ऊर्जा साठवून ठेवतो. पूर्ण भार असताना ती साधारण १६ मिलिसेकंद पुरावी, अशी अपेक्षा असते. इन्व्हर्टरला वीज गेल्याचं ओळखून स्वतः पुरवठा सुरू करायला वेळ लागतो. यूपीएस मोडमध्ये कमी, साध्या मोडमध्ये त्याहून बराच जास्त. हा मोड बदलायचं बटण बहुतेक इन्व्हर्टरवर असतं आणि बसवून गेल्यापासून त्याला कुणीही हात लावलेला नसतो.

इथे ‘कधीकधी’चं एक सुंदर उत्तर मिळतं. कपॅसिटरमधली ऊर्जा तेवढीच असते, पण खर्च बदलतो. तुम्ही नुसता मजकूर टाइप करत असाल, तर यंत्र पूर्ण भाराच्या काही अंशच वीज घेतं आणि तीच साठवण कितीतरी जास्त वेळ पुरते. गेम चालू असेल, ग्राफिक्स कार्ड ताकदीनं पळत असेल, तर वीज तेवढाच क्षण गेली तरी यंत्र रिस्टार्ट होतं. दिवा लुकलुकलासुद्धा नाही आणि संगणक गेला, म्हणजे दोष गेमचा, असं घरात ठरतं! विंडोजच्या नोंदवहीत अशा वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसते आणि लोक तिलाच आजाराचं नाव समजतात. ती एवढंच सांगते, की यंत्र नीट बंद न होता गेलं. का गेलं, हे तिलाही माहीत नसतं.

अर्थिंगबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्या भागात ते ऋतूप्रमाणे बदलतं. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारी जाळी असते. तिच्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांना कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडतात. अर्थिंग चांगलं असेल तर त्यांतून येणारा किरकोळ प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग तुटलेलं असेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि पुरवठ्याच्या निम्म्या, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगतो. प्रवाह मिलिअँपिअरहूनही कमी असल्यानं नुसती मुंग्यांसारखी झिणझिण जाणवते. टेस्टर लावला तर मंद उजळतो. हीच गोंगाटी वीज मग केबलमधून मॉनिटर, स्पीकर, यूएसबीकडे वाट शोधते. पेनड्राइव्ह आपोआप निघाल्यासारखा वाटतो, स्पीकर गुणगुणतो, पडदा क्षणभर काळा होतो.

काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आटून भेगाळते. ओल गेली की मातीचा रोध वाढतो, आणि ऑगस्टमध्ये ठीक असलेलं अर्थिंग मे महिन्यात नावापुरतं उरतं. जुन्या घरांमध्ये अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ भरून उन्हाळ्यात पाणी घालायची पद्धत होती. त्यामागे हेच शास्त्र होतं. फ्लॅटमध्ये तो खड्डा कुठे आहे हेही कुणाला ठाऊक नसतं. ही तपासणी मात्र वायरमनकडूनच करून घ्यावी. इथे हौस नको.

रॅमच्या वेगाची भानगड थोडक्यात सांगता येते. खोक्यावर ६००० छापलेली डीडीआर५ रॅम पहिल्यांदा बसवली की बहुधा ४८०० च्या वेगानं चालते. छापलेला वेग मिळवायला बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना चालणाऱ्या बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, एक्सएमपी किंवा एक्सपो हे सेटिंग चालू करावं लागतं, आणि अनेक प्रोसेसरांच्या अधिकृत हमीच्या हा पलीकडचा वेग असतो. दुकानदार ते सुरू करूनच देतो, त्यात त्याचं काही चुकत नाही. पण खोडी निघाली, की सर्वांत आधी हे बंद करून पाहावं. खर्च शून्य. नंतर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावं, एका वेळी एकच पट्टी लावून. आणि नव्या बोर्डावर रॅम बसवल्यावर पहिल्यांदा काही मिनिटं पडदा काळा राहिला, तर घाबरून बटण दाबू नका. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो.

पडद्यावरचा संदेश किती दिशाभूल करू शकतो, याचं ताजं उदाहरण इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांचं. गेम कोसळायचे आणि पडद्यावर यायचं, व्हिडिओ मेमरी अपुरी आहे. लोकांनी ग्राफिक्स कार्डवर संशय घेतला, ड्रायव्हर बदलले. २०२४ च्या जुलैत इंटेलनं सांगितलं, की प्रोसेसरच्याच आतल्या सूचनांमधल्या चुकीमुळे तो गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि हळूहळू झिजत होता. ऑगस्टपासून बायोसमधून सुधारणा आली, या प्रोसेसरांची वॉरंटी २ वर्षांनी वाढवली गेली. मात्र झिजलेला प्रोसेसर सुधारणेनं बरा होत नाही. तुमच्याकडे त्या पिढीचं यंत्र असेल तर आजच बायोसची आवृत्ती तपासा.

काही खोड्यांत संगणक पूर्ण निर्दोष असतो. वायरलेस माऊस अडखळत असेल आणि त्याचा रिसीव्हर यूएसबी ३ च्या पोर्टशेजारी असेल, तर कारण तिथेच आहे. यूएसबी ३ च्या वेगवान संकेतांचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो आणि माऊसही तिथेच बोलतो. इंटेलनंच २०१२ मध्ये हे मोजून प्रसिद्ध केलं. रिसीव्हर छोट्या एक्स्टेन्शन केबलनं हातभर दूर नेला की भागतं. त्याहून मजेदार म्हणजे गॅसच्या दांड्यावर वर-खाली होणाऱ्या खुर्चीवरून उठताच मॉनिटर दोन सेकंद काळा होणं. खुर्चीत साठलेल्या स्थिर विजेचा स्फुल्लिंग व्हिडिओ केबलमध्ये शिरतो. ऐकणाऱ्याला थट्टा वाटते, पण हा प्रकार नोंदवलेला आहे. चांगलं आवरण असलेली केबल घेतली की बहुतेकदा थांबतो.

आणि अंतराळातून येणारे किरण? २००३ मध्ये बेल्जियममधल्या स्कारबेक इथल्या निवडणुकीत एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्तीची मिळाली, शक्य होती त्याहूनही एकूण मतं जास्त भरली. ४०९६ म्हणजे २ चा १२वा घात, तेव्हा एकच बिट उलटल्याचा निष्कर्ष निघाला आणि वैश्विक किरणांवर संशय गेला. किस्सा छान आहे. पण तुमचा संगणक दर मंगळवारी बंद पडत असेल, तर आकाशाकडे बोट दाखवू नका.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि उपयोग झाला नाही तर ती परत पूर्ववत करा, हे सगळे सांगतात. मग थांबायचं किती, हे कुणी सांगत नाही. समजा बिघाड सरासरी ४ दिवसांतून एकदा येतो. तुम्ही रॅम बदलली आणि ४ दिवस शांत गेले. रॅमचा काही संबंध नसतानाही असे ४ दिवस शांत जाण्याची शक्यता ३७ टक्के असते! ८ दिवसांना ती १४ टक्क्यांवर येते, १२ दिवसांना ५ वर. म्हणजे नेहमीच्या अंतराच्या निदान तिप्पट काळ शांत गेल्याशिवाय ‘झालं’ म्हणू नये. बिघाड तासाला एकदा घडवता आला, तर हीच खात्री ३ तासांत होते. भट्टीचा आणि भाराचा एवढा खटाटोप त्यासाठीच. यात एक अट आहे. थांबण्याच्या काळात परिस्थिती तीच हवी. जुलैत, पाऊस सुरू झाल्यावर केलेल्या दुरुस्तीनंतरचे शांत दिवस मोजायचे नाहीत, कारण खोली १० अंशांनी उतरलेली असते आणि जमीन ओली. तेव्हा पंख्याचा वेग बायोसमधून थोडा कमी करून, तापमान मे महिन्याइतकं चढवून तोच भार द्या आणि मग तास मोजा.