मोजक्या पैशांत स्टुडिओचे माइक: निवडीमागचं विज्ञान

स्वतःचा छोटा स्टुडिओ उभारणारा माणूस हमखास एका प्रश्नापाशी अडतो. हातात अमुक इतकेच पैसे आहेत, तर एकच भारी माइक घ्यावा की चार-पाच साधे? माझ्या मते किती माइक घ्यायचे आणि कोणत्या कंपनीचे, हे नंतर ठरवावं. आधी बघावं ते हे, की नवा माइक आपल्याकडच्या माइकपेक्षा वेगळ्या तत्त्वावर चालतो का. एकाच जातीचे तीन माइक घेतले, तर पहिला जिथे हात टेकतो तिथेच उरलेले दोघंही टेकतात.

माइकपुढचं काम मुळात फार नाजूक आहे. एक मीटर अंतरावर कुणी साध्या आवाजात बोललं, तर हवेच्या दाबात साधारण ०.०२ पास्कलचा चढउतार होतो. वातावरणाचा दाब सुमारे एक लाख पास्कल असतो, म्हणजे हा बदल पन्नास लाखांत एक इतका. तेवढ्यावर एका पातळ पडद्याने हलायचं आणि त्या हालचालीची वीज व्हायची. ही वीज तयार करण्याच्या तीन रीती स्टुडिओत रुळल्या आहेत आणि प्रत्येकीचा स्वभाव निराळा आहे.

डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला बारीक तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते चुंबकाच्या अरुंद फटीत मागेपुढे हलतं. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. बाहेरून वीज लागत नाही, रचना दणकट असते, आणि ड्रमपाशी किंवा गिटारच्या अँप्लिफायरला अगदी खेटून ठेवला तरी आवाज फाटत नाही. शुअर कंपनीचा एसएम५७ हा माइक १९६५ साली आला आणि आजही तो स्टुडिओत आणि रंगमंचावर दिसतो, तो या गुणांमुळेच. उणं असतं ते वजनाच्या बाजूने. पडद्याला तारेचा भार ओढावा लागतो, त्यामुळे तार छेडल्याक्षणीची तीक्ष्ण सुरुवात आणि अगदी वरच्या पट्टीतली चमक थोडी बोथट होते.

दुसरी मर्यादा आकड्यांतून चटकन कळते. या जातीचा माइक एका पास्कलला दीड मिलिव्होल्टच्या आसपास वीज देतो. वरच्या उदाहरणातल्या बोलण्याला मिळतात जेमतेम ३० मायक्रोव्होल्ट. माइकच्या तारेला स्वतःचा विद्युतरोध असतो आणि त्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या उष्णतेमुळे होणाऱ्या धावपळीतून सुमारे पाव मायक्रोव्होल्टचा खरखराट कायमच निघत असतो. म्हणजे आवाज खरखरीच्या सव्वाशे पट. जवळून गाणाऱ्यासाठी हे भरपूर झालं. पण कुणी दूर बसून हळुवार गिटार वाजवत असेल, तर प्रीअँप (माइकची दुबळी वीज वाढवणारं यंत्र) कितीही चांगला असला तरी मागची सळसळ ऐकू येणारच. भौतिकशास्त्रानेच तिथे मर्यादा घातली आहे, पैसे ओतून ती हटत नाही.

कंडेन्सर माइक ही अडचण वेगळ्या वाटेने सोडवतो. वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये काम करणाऱ्या ई. सी. वेंटे यांनी १९१६ साली तो तयार केला. धातूचा थर दिलेला काही मायक्रॉन जाडीचा पडदा आणि त्यामागे केसाच्या जाडीइतक्या फटीवर धातूची स्थिर तबकडी, असा हा कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारी जोडी. पडदा हलला की फट कमी-जास्त होते आणि तेवढ्याच विद्युतभारावरचं व्होल्टेज बदलतं. ओढायला वेटोळं नसल्याने पडदा हलका राहतो आणि झटकन हलतो. बारीकसारीक तपशील येतो तो यामुळे. मात्र पडद्यापासून निघणारा संकेत इतका दुबळा असतो की तिथल्या तिथे ट्रान्झिस्टर किंवा व्हॉल्व्ह लावून त्याला सावरावं लागतं, आणि त्यासाठी वीज हवी. ती माइकच्याच केबलमधून ४८ व्होल्टने पाठवतात. ४८ हा आकडा नॉर्वेच्या राष्ट्रीय नभोवाणीमुळे आला. त्यांच्या स्टुडिओंत आपत्कालीन दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीपासून होती, म्हणून १९६६ साली नॉयमान कंपनीने आपले माइक त्याच व्होल्टेजवर चालतील असे बनवले आणि पुढे सगळ्या जगाने तोच आकडा उचलला.

१९६२ साली बेल लॅब्जमध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी प्लॅस्टिकच्या पापुद्र्यात विद्युतभार कायमचा कोंडून ठेवला. हा इलेक्ट्रेट माइक. त्याने कंडेन्सर स्वस्त केला आणि म्हणूनच ‘इलेक्ट्रेट म्हणजे हलका माल’ असा समज पसरला. तो खरा नाही. उत्तम दर्जाचे स्टुडिओ माइकही इलेक्ट्रेट असतात. कमी पैशांत संच जमवणाऱ्याने तर या शब्दावरून माइक मुळीच नाकारू नये.

तिसरी जात रिबनची. दोन-तीन मायक्रॉन जाडीची, म्हणजे माणसाच्या केसाच्या वीस-तीसाव्या हिश्शाइतकी पातळ ॲल्युमिनियमची पट्टी, चुण्या घालून दोन चुंबकांमध्ये सैलसर टांगलेली. इथे पडदा तोच आणि तारही तीच. रिबनमध्ये वरच्या पट्ट्या हळूहळू उतरत जातात, त्यामुळे ट्रंपेट, व्हायोलिन किंवा कर्कश अँप्लिफायर यांचा टोचरेपणा आपोआप मावळतो. ध्वनिमुद्रणानंतर संगणकात हाच परिणाम साधायला बसलात तर बराच वेळ जातो, शिवाय हातात येतं ते तितकं स्वाभाविक नसतं.

इथवर झालं ते वीज कशी होते याचं. माझ्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट आहे माइकची दिशा, आणि खरेदीच्या वेळी तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं.

पडद्याची मागची बाजू पूर्ण बंद केली, तर त्याला फक्त दाब कळतो. दाबाला दिशा नसते, म्हणून असा माइक चहूकडून सारखंच ऐकतो. याला ऑम्नी म्हणतात. दोन्ही बाजू उघड्या ठेवल्या, तर पडदा पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकावर हलतो. नेमक्या बाजूने आलेला आवाज दोन्ही अंगांना एकाच वेळी, एकाच जोराने पोचतो. फरक शून्य, हालचाल शून्य. पुढून आणि मागून मात्र सारखंच ऐकू येतं. हा आठच्या आकड्यासारखा, फिगर-एट. हे दोन्ही सम प्रमाणात मिसळले की पुढे पूर्ण, बाजूला निम्मं आणि मागे काहीच नाही असा कार्डिऑइड मिळतो. १९३९ साली शुअरच्या बेंजामिन बाउअर यांनी माइकच्या मागच्या छिद्रांतून येणाऱ्या आवाजाला नेमका उशीर लावून एकाच पडद्यात हे जमवलं. गायक माइकची जाळी मुठीत धरतो तेव्हा शिट्टी का घुमते, त्याचं उत्तरही यातच आहे: छिद्रं बुजली की कार्डिऑइडचा जवळजवळ ऑम्नी होतो आणि स्पीकरचा आवाज आत शिरतो.

याचा उपयोग किती, ते एका कामातून सांगतो. एकच जण गिटार वाजवत गातो आहे आणि दोन्ही आवाज वेगळे हवे आहेत. गळ्यासमोर एक आणि गिटारसमोर एक असे दोन कार्डिऑइड लावले, तर गिटार गाण्याच्या माइकच्या साधारण बाजूला येते आणि बाजूला कार्डिऑइड फक्त ६ डेसिबल कमी ऐकतो. म्हणजे गिटार गाण्यात भरपूर मिसळते. आता दोन्ही जागी फिगर-एट लावा. गाण्याचा माइक किंचित असा कलवा की त्याची बहिरी बाजू नेमकी गिटारच्या पोकळीकडे येईल. गिटारच्या माइकची बहिरी बाजू ओठांकडे करा. हेडफोन लावून तो बोटभर वरखाली फिरवताना एक जागा अशी येते, की गळा अचानक मागे हटतो आणि नुसती गिटार उरते. मिसळण २० डेसिबलपेक्षाही जास्त उतरू शकते. काम इथे माइकच्या किमतीने होत नाही, कोनाने होतं. फक्त मागच्या बाजूला जाड गोधडी किंवा शोषक फळी हवी, कारण हा माइक पाठीनेही तितकंच ऐकतो.

दिशेबरोबर आणखी एक गुण येतो. दाबातल्या फरकावर चालणारा कोणताही माइक तोंडाशी आणला की खर्ज फुगतो. लांबून येणाऱ्या आवाजात पडद्याच्या दोन अंगांमधला फरक मुख्यतः वेळेचा असतो आणि तो खालच्या स्वरांना फार थोडा पडतो. त्याची भरपाई व्हावी म्हणून माइक बनवतानाच खालचे स्वर उचलून धरलेले असतात. स्रोत अगदी जवळ आला की मात्र अंतरामुळे जोरातही फरक पडतो. तो सगळ्या स्वरांना सारखा असतो, आणि आधीच उचललेला खर्ज त्यावर आणखी चढतो. ऑम्नीमध्ये हे घडतच नाही. म्हणून बोलका, भरदार आवाज हवा असेल तर कार्डिऑइड जवळ घ्या. वाद्य आहे तसं हवं असेल आणि खोली चांगली असेल, तर ऑम्नीला तोड नाही.

आता पैशांकडे येऊ. पहिली खरेदी साध्या डायनॅमिक कार्डिऑइडची करावी. तो संचातला सर्वांत स्वस्त असतो, वर्षानुवर्षं टिकतो आणि कधीच अडगळीत जात नाही.

सर्वांत मोठा हिस्सा दिशा बदलता येणाऱ्या मोठ्या पडद्याच्या कंडेन्सरवर घालावा. त्याच्या आत सामाईक तबकडीच्या दोन्ही बाजूंना एकेक पडदा असतो आणि प्रत्येक जण कार्डिऑइड असतो. दोघांची बेरीज केली की ऑम्नी, वजाबाकी केली की फिगर-एट. एका खरेदीत तीन दिशा हाती येतात, म्हणून एकाच दिशेच्या महागड्या माइकपेक्षा बहुदिशी मध्यम माइक मी केव्हाही पसंत करेन. मोठ्या पडद्याचा आणखी एक लाभ म्हणजे शांतता. हवेचे रेणू पडद्यावर सतत आपटत असतात आणि त्यातूनही खरखर येते. पडदा मोठा असला की या धडकांची सरासरी निघते. चांगल्या मोठ्या पडद्याच्या माइकची स्वतःची खरखर ५ ते १२ डेसिबल भरते, लहान पडद्याची बहुधा १४ ते २०.

मग लहान पडदा कशाला? उत्तर तरंगलांबीत आहे. १० हजार हर्ट्झचा आवाज हवेत फक्त ३.४ सेंटिमीटर लांबीचा असतो आणि मोठा पडदा असतो अडीच सेंटिमीटरचा. तिरका येणारा असा तरंग पडद्याच्या एका कडेला ढकलतो, तेव्हाच दुसरीला ओढतो. परिणामी बाजूने येणाऱ्या आवाजातली चमक हरवते. निम्म्या आकाराच्या पडद्यावर हा दोष बराच वरच्या पट्टीत जातो. छोट्या खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज बाजूनेच येतो, म्हणून पियानो, गायकवृंद किंवा ड्रमच्या वरचं मुद्रण लहान पडद्याच्या जोडीने मोकळं वाटतं. ही तिसरी खरेदी, आणि ती जोडीनेच करावी. १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन ठेवून दोन कार्डिऑइड लावले की स्टीरिओची एक खात्रीची रचना तयार होते. वर बसवायचे ऑम्नी कॅप्सूल (पडदा असलेला माइकचा पुढचा, बदलता येणारा भाग) वेगळे मिळत असतील, तर थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

रिबन चौथा. ड्रम किंवा बेससाठीचा खास मोठा डायनॅमिक माइक फक्त ती वाद्यं नेहमी मुद्रित करणाऱ्याने घ्यावा, इतरांनी तो विसरावा.

या सगळ्याच्या आधी काही रक्कम खोलीसाठी बाजूला काढायला हवी, आणि याबाबतीत मी अजिबात तडजोड करणार नाही. भिंतीवर चिकटवलेला दोन-तीन सेंटिमीटरचा फोम वरच्या पट्ट्या तेवढ्या खातो. आवाज नीट शोषायला मागच्या पोकळीसह त्याच्या तरंगाच्या पाव लांबीच्या आसपास जाडी लागते. हजार हर्ट्झच्या तरंगाची पाव लांबी साडेआठ सेंटिमीटर असते, शंभर हर्ट्झची ८६ सेंटिमीटर. त्यामुळे पातळ फोमची खोली मंद आणि घुमणारी होते. दहा-पंधरा सेंटिमीटर जाडीच्या खनिज लोकरीच्या मोजक्या फळ्या, मागे थोडी पोकळी सोडून लावल्या, तर प्रत्येक माइक एक पायरी वर चढतो. दणकट स्टँड आणि चांगल्या केबलही याच हिशेबात धराव्यात. केबलचं कारण रिबनमध्ये आहे: ४८ व्होल्ट दोन्ही तारांवर समान असतील तर रिबनमधून प्रवाह वाहत नाही, पण जोडणी सदोष असली की वाहतो आणि पट्टी ताणली जाते.

जुना माइक घेताना डायनॅमिकची फार चिंता नको. कंडेन्सर पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवून शांततेत ऐकावा. दमटपणा शिरला असेल तर अधूनमधून चटचट आवाज येतो. रिबनवर फुंकर कधीही मारू नये, त्याची तपासणी बोलूनच करावी.

माइक नवा असो वा जुना, एक चाचणी जरूर करावी. तो स्टँडवर लावून, अंतर तेवढंच राखत, एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत त्याच्याभोवती फिरावं आणि मुद्रण ऐकावं. समोरून स्वस्त आणि महाग माइक आश्चर्य वाटावं इतके जवळ येतात. किमतीचा फरक बाजूला आणि मागे उघड होतो. बाजूने आवाज फक्त लहान होत असेल तर माइक खोलीतल्या दूरच्या कामालाही चालेल. लहान होण्याबरोबर तो नाकातला किंवा डब्यातला वाटू लागला, तर त्याला एकट्याने, जवळून करायच्या कामापुरताच ठेवावं.