रिफॅक्टरिंग : वेळेचा निर्णय

प्रोग्रॅमचे बाह्य वर्तन कायम ठेवून त्याच्या कोडची अंतर्गत रचना लहान लहान टप्प्यांत सुधारणे म्हणजे रिफॅक्टरिंग. हे काम केव्हा हाती घ्यावे व केव्हा टाळावे, एवढाच विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

या पद्धतीचा उगम एका व्यक्तीपर्यंत नेता येत नाही. फोर्थ या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिणाऱ्यांमध्ये मोठी कृती फोडून छोटे, पुन्हा वापरता येणारे भाग वेगळे काढण्याची शिस्त १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात रुळलेली दिसते. शास्त्रीय मांडणी मात्र दोन प्रबंधांत आढळते : विल्यम ग्रिसवोल्ड (वॉशिंग्टन विद्यापीठ, १९९१) आणि विल्यम ऑपडाइक (इलिनॉय विद्यापीठ, १९९२). ग्रिसवोल्ड यांचा प्रबंध आधीचा असला, तरी ऑपडाइक व त्यांचे मार्गदर्शक राल्फ जॉन्सन यांचा या विषयावरील निबंध १९९० मध्येच आला होता; त्यामुळे अग्रमान बहुधा त्यांच्याकडे जातो. ऑपडाइक यांनी प्रत्येक फेरबदलाला पूर्वअटी जोडल्या. त्या पाळल्या तरच वर्तन अबाधित राहते. आज व्यवहारात ही हमी मुख्यतः स्वयंचलित चाचण्यांकडून घेतली जाते. म्हणून चाचण्या नसलेल्या जुन्या कोडला हात लावण्यापूर्वी त्याचे सध्याचे वर्तन, त्यातील चुकांसकट, चाचण्यांत नोंदवून घ्यावे लागते.

वेळेबाबत, ‘रिफॅक्टरिंग’ या पुस्तकाचे लेखक मार्टिन फाउलर (१९९९) यांचे मत असे की, रिफॅक्टरिंगसाठी सहसा वेगळा कालावधी राखू नये. नवी सुविधा जोडताना, दोष शोधताना किंवा कोड तपासताना ते ओघात करावे. डॉन रॉबर्ट्स यांच्या नावे सांगितला जाणारा नियम तिसऱ्या पुनरावृत्तीची वाट पाहायला सांगतो : बिल, पावती व परतावा अशा तिन्ही ठिकाणी तीच करआकारणी आली, की ती एका फंक्शनमध्ये आणावी. काही चमू ‘तांत्रिक कर्ज’ (वॉर्ड कनिंगहॅम, १९९२), म्हणजे घाईत स्वीकारलेल्या कच्च्या रचनेमुळे पुढे साचणारे काम, फेडण्यासाठी स्वतंत्र आठवडे राखतात. यांपैकी फाउलर यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. कारण कोणता भाग खरोखर अडतो, हे येऊ घातलेल्या बदलामुळेच कळते. क्वचित उघडला जाणारा, बिनचूक चालणारा कोड कितीही कुरूप असला तरी तसाच ठेवणे योग्य.

रचनेतील व वर्तनातील बदल एकाच कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलांच्या संचात) मिसळू नयेत. रिलीज तोंडावर असताना हे काम थांबवावे. इतर संघांच्या वापरात गेलेल्या इंटरफेसचे (ज्या फंक्शनांमार्फत त्यांचा कोड आपला कोड वापरतो त्यांचे) नाव बदलताना जुने नाव काही आवृत्त्यांपर्यंत चालू ठेवावे लागते.