हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ: तिकीट काढण्याआधी

“अंतर एवढंच, विमान एवढं वेगात, मग तिकिटावर दोन तास जास्त कसे?” ही शंका आमचे बरेच ग्राहक विचारतात. शंका रास्त आहे.

इंटरनेटवर दिसणारं हवाई अंतर हे पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेलं सर्वांत कमी अंतर असतं. लंडन ते न्यूयॉर्क ते साधारण ५,५५० किमी भरतं. सपाट नकाशावर हा मार्ग उत्तरेकडे वाकलेला दिसतो आणि विमान उगाच वळसा घेतंय असं वाटतं, पण जवळची वाट तीच.

मोठी जेट विमानं उंचावर ताशी ८०० ते ९०० किमी वेगानं जातात. म्हणजे हिशेबानं सव्वासहा ते सात तास पुरायला हवेत. तिकिटावर मात्र न्यूयॉर्कला जाताना आठेक तास असतात आणि परतताना सात. जाण्यायेण्यातला हा फरक मुख्यतः वाऱ्याचा. विमानं उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यामुळे एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचलं होतं! असा योग धरून बेत मात्र आखू नका.

उरलेला वेळ जमिनीवर आणि विमानतळाच्या आसपास जातो. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, रांग, उतरण्याआधी आकाशात घिरट्या, सगळं त्यात आलं. त्यामुळे अंतर निम्मं झालं म्हणून वेळ निम्मा होत नाही.

कधी वाटच बंद होते. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय विमान कंपन्यांना बंद झालं आणि हेलसिंकी–टोकियो प्रवास नऊ-दहा तासांवरून तेराच्या घरात गेला. शहरं होती तिथंच आहेत.

घड्याळाचा घोळ वेगळाच. तिकिटावर निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या शहराची स्थानिक वेळ असते. न्यूयॉर्कहून रात्री ८ला निघून लंडनला सकाळी ८ला पोहोचलात, तर प्रवास बारा तासांचा नाही, सातचा. लंडनचं घड्याळ पाच तास पुढे असतं. मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरद ऋतूत आठवडाभर मात्र चारच तास, कारण दोन्हीकडे उन्हाळ्यासाठी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नंतर मागे घेतात, पण त्याच्या तारखा वेगळ्या आहेत.

कनेक्टिंग फ्लाइट घेताना मधला वेळ अगदी मोजून ठेवू नका. दोन्ही फ्लाइट एकाच तिकिटावर असाव्यात, हे आमचं स्पष्ट मत. तिकिटं वेगवेगळी असली आणि पहिलं विमान उशिरा पोहोचलं, तर दुसरी कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही. चौकशी करताना शहरांच्या नावांसोबत तिथं किती वाजेपर्यंत पोहोचायला हवं तेही सांगा. फ्लाइट त्यावरूनच ठरवावी लागते.